सावलीने काढलेली वर्तुळं

महोगनी लाकडाच्या एका जुन्या टेबलाची फळी. उंची सुमारे एक मीटर, रुंदी एक मीटर ६६ सेंटिमीटर. बेन निकल्सन या इंग्रज चित्रकाराने १९३५ साली या फळीवर काही आयत आणि वर्तुळं कोरली, कुठे लाकूड खोल नेलं, कुठे तसंच ठेवलं आणि शेवटी सगळ्यावर पांढरा रंग चढवला. आज ही कलाकृती ब्रिटनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. पुस्तकातल्या छायाचित्रात ती अनेकदा नुसती पांढरी चौकट वाटते. प्रत्यक्ष समोर उभं राहिलं की वर्तुळाच्या एका कडेला सावलीची बारीक कोर दिसते आणि समोरच्या कडेला उजळ रेघ. या दोन्ही रेघा निकल्सनने रंगवलेल्या नाहीत. त्या प्रकाशाने काढलेल्या आहेत, आणि प्रकाशाची दिशा बदलली की त्याही बदलतात.

सपाट पृष्ठभागातून थोडंसं वर आलेलं किंवा आत गेलेलं शिल्प म्हणजे उत्थितशिल्प. महाराष्ट्राला त्याची ओळख वेरूळच्या भिंतींनी फार पूर्वीच करून दिली आहे. मात्र तिथे उठाव असतो तो देवदेवतांना, हत्तींना, कैलास हलवणाऱ्या रावणाला. विसाव्या शतकातल्या काही युरोपीय कलावंतांनी या प्रकारातून माणसं, प्राणी, कथा सगळं काढून टाकलं. उरले चौकोन, वर्तुळं, पायऱ्यांसारखे थर आणि त्यांच्या कडा. कथा नाही, रंगही जवळजवळ नाही. मग पाहणाऱ्याने पाहायचं काय? या प्रश्नाचं उत्तर प्रकाशाच्या वागणुकीत आहे.

हिशोब साधा आहे. फळीवर १ सेंटिमीटर उंचीची एक पायरी आहे असं धरू. प्रकाश फळीशी ४५ अंशांचा कोन करून आला, तर त्या पायरीची सावली १ सेंटिमीटर लांब पडते. तोच प्रकाश २० अंशांवर आला तर सावली पावणेतीन सेंटिमीटर होते. आणि फळीला जवळजवळ घासत, १० अंशांवरून आला तर साडेपाच सेंटिमीटरांच्याही पुढे जाते. प्रकाश अगदी समोरून पडला तर सावली नाहीशी होते आणि शिल्पही दिसेनासं होतं. लाकूड तेच, कोरीवकाम तेच. पण सकाळी ठळक दिसणारं वर्तुळ दुपारी पुसट होतं आणि संध्याकाळी त्याची कोर उलट बाजूला जाते. उत्थितशिल्पकार जेव्हा रंग सोडून देतो, तेव्हा कामाचा शेवटचा हात तो प्रकाशावर सोपवतो. साहजिकच तो प्रकाश कुठला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जागेनुसार प्रकाश किती बदलतो हे मराठी वाचकाला शून्य सावली दिवसामुळे चांगलं माहीत आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर असल्याने मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायात गोळा होते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकावर कॉर्नवॉल परगण्यात सेंट आयव्हज नावाचं गाव आहे, ५० अंशांहून थोडं उत्तरेला. तिथे शून्य सावली कधीच होत नाही. ऐन उन्हाळ्यात २१ जूनच्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून ६३ अंशांपर्यंतच चढतो. डिसेंबरच्या अखेरीस तर दुपारी बारालाही तो जेमतेम १६ अंशांवर असतो. त्याच दिवशी मुंबईत तो सुमारे ४७ अंशांवर पोचलेला असतो. सेंट आयव्हजचं हिवाळ्यातलं ऊन त्यामुळे दिवसभर तिरपंच येतं. अंगणातला दगड, भिंतीतली खाच, दाराची चौकट, प्रत्येक गोष्टीला लांब सावली मिळते.

त्यात भर समुद्राची. सेंट आयव्हज ज्या भूभागावर वसलं आहे तो अटलांटिकमध्ये घुसलेल्या लांबट जिभेसारखा आहे. तिन्ही बाजूंना पाणी आहे. गावाचा एक भाग पुन्हा स्वतःच समुद्रात शिरलेला. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला पोर्थमीअरचा किनारा. सूर्याचा उजेड वरून येतोच, शिवाय पाण्यावरून आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने फिकट झालेल्या वाळूवरून परतून खालूनही येतो. सावल्या पडतात, पण त्यांच्या आत अंधार साचत नाही. निरभ्र दिवशी पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीत आकाशाची निळसर छटा असते, वाळूच्या बाजूने तीच सावली किंचित उबदार दिसते. अटलांटिकवरचे ढग झपाट्याने सरकतात, तेव्हा हे सगळं तासाभरात अनेकदा पालटतं.

चित्रकारांना या गावाचा शोध निकल्सनच्या कितीतरी आधी लागला होता. टर्नर १८११ मध्ये इथे येऊन रेखाटनं करून गेला. १८७७ मध्ये सेंट अर्थहून रेल्वेचा फाटा गावापर्यंत आला आणि लंडनहून येणं सोपं झालं. व्हिसलर आणि त्याचा तरुण शिष्य सिकर्ट १८८३-८४ च्या हिवाळ्यात इथे राहिले. दरम्यान गावाचा मूळ धंदा, म्हणजे तारलीच्या कुळातल्या पिलचर्ड माशांची मासेमारी, उतरणीला लागला होता. जाळी ठेवायचे आणि दुरुस्त करायचे मोठमोठे माळे रिकामे पडू लागले. चित्रकारांनी ते भाड्याने घेतले, छताला काचा बसवल्या आणि तिथे चित्रशाळा थाटल्या. १८९० मध्ये गावात कलावंतांचा क्लबही सुरू झाला. ही सगळी मंडळी मात्र प्रकाशाचं चित्र काढत होती: लाटांवरची चमक, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब, संध्याकाळची बंदरं. प्रकाश हा त्यांच्या चित्राचा विषय होता. तो चित्राच्या साहित्यात कसा आला, ती हकीकत पुढची आहे.

ही हकीकत सांगताना एक सोपी वाट नेहमी समोर येते. निकल्सन कॉर्नवॉलला गेला, तिथल्या प्रकाशाने भारावला आणि त्यातून पांढरी उत्थितशिल्पं जन्मली, असं म्हणून मोकळं होता येतं. तारखा मात्र त्या बाजूने बोलत नाहीत. पहिली पांढरी उत्थितशिल्पं १९३४ ची आहेत आणि निकल्सन सेंट आयव्हजला राहायला गेला १९३९ मध्ये. खरी गोष्ट वळणावळणाची आहे, आणि तिच्यात हे गाव दोनदा येतं.

पहिल्यांदा १९२८ च्या ऑगस्टमध्ये. १८९४ साली जन्मलेला निकल्सन हा चित्रकार आई-बापांचा मुलगा. त्याची पहिली पत्नी विनिफ्रेड हीदेखील मोठी चित्रकार. लग्नाआधी वडिलांबरोबर ती श्रीलंका, ब्रह्मदेश आणि भारत पाहून आली होती. रंग आणि प्रकाश यांचं नातं हा तिच्या आयुष्यभराचा ध्यास राहिला. रंगाबद्दल आपण विनिफ्रेडकडून शिकलो, हे निकल्सन पुढेही मोकळेपणाने सांगत असे. त्या ऑगस्टमध्ये निकल्सन आणि त्याचा मित्र क्रिस्टोफर वुड सेंट आयव्हजमध्ये फिरत असताना एका उघड्या दारातून त्यांना आत भिंतीवर ठोकलेली चित्रं दिसली. घर आल्फ्रेड वॉलिसचं होतं. त्याचं वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी समुद्रावर गेलेला, नंतर जुन्या दोरखंड-भंगाराचा व्यापार केलेला. पत्नी वारल्यावर एकटेपणात त्याने चित्रं काढायला घेतली होती. कॅनव्हास नव्हताच. पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर बोटींना लावायच्या रंगाने तो जहाजं, दीपगृहं, खवळलेला समुद्र काढत असे. तुकड्याचा आकार तिरपा असेल तर चित्रही त्या आकाराला धरून वळे. काही ठिकाणी पुठ्ठा उघडाच राही आणि त्याचा तपकिरी रंग वाळू म्हणून किंवा समुद्र म्हणून उपयोगी पडे.

निकल्सनला यात जे सापडलं ते त्याच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. चित्र म्हणजे पलीकडचं जग दाखवणारी खिडकी असते, अशी युरोपातली जुनी समजूत. वॉलिसचं चित्र आधी एक वस्तू होतं: जाडी असलेलं, कडा असलेलं, हातात धरता येणारं.

वस्तूपासून कोरीवकामापर्यंत यायला आणखी पाच वर्षं गेली. १९३१ मध्ये निकल्सनची शिल्पकार बार्बरा हेपवर्थशी ओळख झाली, पुढे दोघं लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एकत्र राहू-काम करू लागले. दगड आणि लाकूड थेट कोरणारी हेपवर्थ शेजारी, आणि दोघांच्या पॅरिसच्या फेऱ्या चालू: ब्रांकुशी, आर्प, ब्राक यांच्या कार्यशाळांत जाणं-येणं. १९३३ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्येच एका फळीवर काम करत असताना, कोरलेल्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथला अस्तराचा एक तुकडा निघून आला. रंगवलेल्या पृष्ठभागात खरीखुरी खोली तयार झाली. निकल्सनने ती बुजवली नाही. उलट तिथून पुढे मुद्दाम कोरायला सुरुवात केली. काही महिन्यांतच रंग गळून पडले आणि पांढरी उत्थितशिल्पं आली. सुरुवातीची वर्तुळं त्याने हातानेच काढली, म्हणून ती किंचित हललेली दिसतात. नंतर कंपास आणि पट्टी आली.

पांढरंच का, याची उत्तरं त्या काळात पसरलेली आहेत. १९३४ मध्ये निकल्सन पॅरिसमध्ये चित्रकार मोंद्रियानच्या घरी गेला होता. तिथल्या पांढऱ्या भिंतींची शांतता त्याच्या मनात घर करून राहिली. हॅम्पस्टेडमध्ये त्याच वर्षी वेल्स कोट्स या वास्तुकाराची लॉन रोडवरची गुळगुळीत फिकट इमारत उभी राहिली. मोठ्या खिडक्या, मोकळी हवा, भरपूर ऊन हे नव्या वास्तुकलेचे आग्रह होते. १९३७ मध्ये निकल्सनने वास्तुकार लेस्ली मार्टिन आणि रशियन शिल्पकार नाऊम गाबो यांच्याबरोबर ‘सर्कल’ हा ग्रंथ संपादित केला, त्यात चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकार एकत्र आले. पांढरा पृष्ठभाग प्रकाशाला सर्वात जास्त परतवतो आणि सावलीतला सूक्ष्म फरकही त्यावर उमटतो, हे त्यामागचं सरळ व्यावहारिक कारण.

मग युद्ध आलं. १९३९ च्या ऑगस्टअखेरीस, युद्ध पुकारलं जाण्याच्या आठवडाभर आधी, निकल्सन आणि हेपवर्थ आपल्या जेमतेम पाच वर्षांच्या होत आलेल्या तिळ्यांना घेऊन सेंट आयव्हजला लागून असलेल्या कार्बिस बे इथे पोचले. लेखक एड्रियन स्टोक्स आणि त्याची चित्रकार पत्नी मार्गारेट मेलिस यांनी त्यांना आपल्या घरी बोलावलं होतं. थोड्याच दिवसांत गाबोही तिथे राहायला आला. लंडनमधला अमूर्त कलेचा एक अख्खा गट असा मासेमारांच्या गावाशेजारी येऊन पडला.

इथे जे घडलं ते लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. पांढरी शिल्पं आणखी पांढरी झाली नाहीत. रंग परत आला. चाळीसच्या दशकातल्या निकल्सनच्या छोट्या उत्थितशिल्पांमध्ये करडा, मातकट तपकिरी, फिकट निळा असे तुकडे दिसू लागतात. मधूनच एखादा लहानसा गडद चौकोन. लंडनमध्ये त्याच्या शिल्पांवर खिडकीतून किंवा दिव्यातून एका दिशेने प्रकाश येई, आणि ती शिल्पं त्या एका प्रकाशासाठी केलेली असल्यासारखी काटेकोर आहेत. कॉर्नवॉलमध्ये प्रकाश चहूकडून येत होता आणि येताना वाळूचा, ग्रॅनाइटचा, पाण्याचा रंग घेऊन येत होता. निकल्सनने ते रंग फळीवर आणले. याच काळात त्याने खिडकीत मांडलेले पेले आणि त्यांच्यापलीकडे दिसणारं बंदर अशी चित्रंही काढली, ती विकली जाणं सोपं होतं. ‘१९४३-४५ (सेंट आयव्हज, कॉर्नवॉल)’ हे त्यातलं प्रसिद्ध चित्र. युद्ध संपल्याच्या आनंदात त्यात ब्रिटिश झेंडाही आला. अमूर्त कामांनाही तो शीर्षकात आधी तारीख आणि मग कंसात कधी गावाचं नाव, कधी एखादा शब्द देई. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या एका उंच, अरुंद उत्थितशिल्पाच्या कंसात ‘मेन्हिर’ आहे. मेन्हिर म्हणजे प्राचीन माणसांनी उभी केलेली एकांडी शिळा. सेंट आयव्हजभोवतीच्या माळरानावर अशा शिळा विखुरलेल्या आहेत.

त्याची हत्यारंही साधी होती. रंगाचे पातळ हात द्यायचे, पुसायचे, पुन्हा द्यायचे, दाढीच्या ब्लेडने खरवडायचे. वारा आणि पाऊस दगडाला जसं झिजवतात तशी झीज त्याच्या फळ्यांवर दिसते. अशा खरखरीत पृष्ठभागावर तिरपा प्रकाश पडला की कडांच्या सावलीखेरीज आणखी एक सावली जिवंत होते, कणाकणांची. गुळगुळीत पांढऱ्या शिल्पांत ती नव्हती.

आजूबाजूच्यांनी याच प्रकाशाला वेगवेगळी उत्तरं दिली. गाबोने पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लास्टिक घेतलं; प्रकाश त्याच्या कडांवर थांबतो आणि बाकीच्या भागातून आरपार जातो. मेलिसने कागद आणि लाकडाच्या तुकड्यांच्या जोडणीला सुरुवात केली आणि म्हातारपणी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या रंग उडालेल्या फळ्यांमधून तिने उत्थितशिल्पं रचली. जॉन वेल्स पेशाने डॉक्टर होता, सिली बेटांवर रुग्ण तपासता तपासता तोही उठावाच्या रचना करत असे; १९४५ मध्ये वैद्यकी सोडून तो पूर्णवेळ चित्रकार झाला. सेंट आयव्हजमध्येच जन्मलेला पीटर लॅनियन १९३९ मध्ये निकल्सनकडे शिकला, काच आणि लाकडाच्या रचनांमधून चित्रांकडे वळला आणि पुढे हाच प्रदेश वरून पाहण्यासाठी ग्लायडर उडवू लागला. १९६४ मध्ये ग्लायडरच्या अपघातानंतरच त्याचा मृत्यू झाला.

जागा बदलली की निकल्सनचं उत्थितशिल्प बदलतं, याचा दुसरा पुरावा स्वित्झर्लंडमध्ये मिळतो. १९५८ मध्ये तो छायाचित्रकार पत्नी फेलिसितास फोग्लरसह तिकडे गेला आणि पुढे तिचिनो प्रांतात माज्जोरे सरोवराच्या वर राहू लागला. आल्प्सच्या दक्षिण उतारावरचा लख्ख प्रकाश, मोठे कडे, खाली पाण्याचा पसारा. त्याची उत्थितशिल्पं आकाराने वाढली, आयत तिरके झाले, रंग उन्हात तापलेल्या दगडासारखे. १९६४ मध्ये जर्मनीत कासेल इथल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी त्याने उघड्यावर उभी राहणारी भिंतच केली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या सटन प्लेसच्या बागेत त्याच्या रचनेवरून पांढऱ्या संगमरवराची भिंत उभारली गेली. १९८२ मध्ये, निकल्सनच्या मृत्यूच्या वर्षी, ती पुरी झाली. तिच्यापुढे पाण्याचा तलाव आहे आणि वर आकाश. पांढऱ्या उत्थितशिल्पाला इथे छप्पर उरलं नाही. दिवसभराचा प्रकाश थेट त्याच्या कडांवर पडतो.

ही कला समजून घ्यायला लंडनला जायलाच हवं असं नाही. जाड पुठ्ठ्याचा एक चौकोन घ्यावा, दुसऱ्या पुठ्ठ्यातून एक वर्तुळ कापून काढावं आणि भोक पडलेला तो पुठ्ठा पहिल्यावर चिकटवावा. सगळ्यावर बिनचकाकीचा पांढरा रंग द्यावा आणि खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर तो टांगावा. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर पाहावं. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी वर्तुळ जवळजवळ विरघळतं. डिसेंबरात खिडकीतून ऊन घरात खोलवर येतं तेव्हा तेच वर्तुळ लख्ख उठून दिसतं. पुण्यातल्या वाड्याच्या लहान खिडकीशी एक अनुभव येईल, मालवणच्या किनाऱ्यावरच्या ओसरीत दुसरा. संग्रहालयात मात्र पाहणाऱ्याने थोडं चालावं. सगळ्या बाजूंनी सारखे दिवे सोडलेले असतील तर या शिल्पांची सावली मरते. बाजूला सरकून, कडेने पाहिलं की उठाव पुन्हा डोळ्यांत भरतो.

टेटची सेंट आयव्हजमधली शाखा १९९३ मध्ये उघडली. एल्ड्रेड एव्हान्स आणि डेव्हिड शॅलेव्ह या वास्तुकारांनी ती पोर्थमीअरच्या किनाऱ्यासमोर, जुन्या गॅसच्या कारखान्याच्या जागेवर बांधली. तिथून थोड्याच अंतरावर पोर्थमीअर स्टुडिओज ही जुनी इमारत आहे. खाली मासेमारांची जाळी, वर चित्रकारांच्या खोल्या. १९४९ पासून तिथली पाच नंबरची खोली निकल्सनकडे होती. पन्नासच्या दशकातली त्याची मोठी कामं तिथे झाली. १९५८ मध्ये तो गेल्यावर ती खोली चित्रकार पॅट्रिक हेरनने घेतली आणि १९९९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती त्याच्याकडे राहिली. त्याच भिंतींमध्ये, त्याच उजेडात हेरनने भडक लाल, जांभळ्या, नारिंगी, पाचूसारख्या हिरव्या रंगांची प्रचंड सपाट चित्रं रंगवली. कोरलेली एकही कड नाही, सावली नाही, करडा रंग तर शोधूनही सापडायचा नाही. पोर्थमीअरच्या खोल्या आता एक विश्वस्त संस्था सांभाळते. इमारतीची अलीकडे नीट दुरुस्ती झाली आहे, वर नवे चित्रकार काम करतात आणि खाली मासेमार अजूनही जाळी ठेवतात.